खिडकीचा काळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, जिथे काम करते त्या संस्थेत तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — आणि अजूनही वाटतंय, विषय बदलावा.

एचआयव्हीबद्दल मी चौकाचौकात ओरडते. लाज नको, लपवाछपवी नको, आलेल्या माणसाला तोलू नका. पत्रकांतली ही वाक्यं मला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणेन. हैदराबादेत आमची पत्रकं तेलुगू आणि उर्दूत असायची. मराठी नाहीच. मी भांडले. गौलीगुड्यात आपली मराठी एवढी घरं, त्यांना काय रोग होत नाहीत? शेवटी म्हणाले, मग तूच लिही. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं, वाचताना अडखळते — तरी लिहिलं. कुणाला तपासायलाही दिलं नाही. माझ्या मराठीला कोण काय सांगणार?

'विंडो पीरियड'चं मी केलं 'खिडकीचा काळ'. विषाणू अंगात शिरला तरी तपासणीत लगेच दिसत नाही, त्या मधल्या दिवसांना म्हणतात हे. बोट टोचून करतात त्या तपासणीला तीन महिने धरायचे. त्याआधीच्या निगेटिव्हवर निर्धास्त व्हायचं नाही, तोवर कंडोम वापरायचा. हे सगळं मला पाठ. पत्रकावर मात्र ठळक ओळ होती : 'खिडकीचा काळ संपल्यावर पुन्हा तपासणी करा.' किती दिवसांचा काळ — ते लिहायचं राहिलं.

गौलीगुड्याच्या तपासणी शिबिरात एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आले. प्रल्हादभाऊ म्हणू, खरं नाव नको. नऊ दिवसांपूर्वी कुठे गेले होते ते खाली मान घालून सांगितलं. घरी बायको. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता समोर बसून नीट समजावायचं, हेच तर माझं काम. पण मला राग आला होता. घरात बायको असून! — हो, मीच, न तोलणारी. पत्रक त्यांच्या हातात कोंबलं. "यात सगळं आहे, वाचा."

एक वाजता नोंदणीची खिडकी बंद झाली. थोड्या वेळानं ते पुन्हा माझ्यापुढे. इतका वेळ बाहेर बाकावर बसून होते.

"ताई, खिडकीचा टाइम संपला. आता दुसऱ्यांदा टोचा."

हसू आलं तुम्हाला? मला नाही आलं. मला क्षणात कळलं, ते काय वाचून बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या मागेच आमच्या मॅडम पाहुण्यांना ते पत्रक दाखवत होत्या, आमच्या पोरीनं लिहिलंय म्हणून. चूक बोलून दाखवायची, ती त्यांच्या देखत? मी लॅबवाल्याला खूण केली. त्यानं टोचलं. पुन्हा निगेटिव्ह. येणारच होतं.

"दोनदा झालं. आता पक्कं ना, ताई?"

"हो," मी म्हणाले.

"बस, मग टेन्शन नक्को." त्यांनी हात जोडले आणि गेले.

तो 'हो' गैरसमज नव्हता. खोटं होतं ते, जाणूनबुजून.

पुढच्या छपाईत मी ओळ बदलली, स्वच्छ 'तीन महिन्यांनी' लिहिलं. मीटिंगमध्ये सांगितलं, भाषा सोपी केली. कौतुक झालं, मी घेतलं. प्रल्हादभाऊंचा नंबर वहीत होता. फोन केला तर चालेल, अशी खूणही नंबरापुढे त्यांनीच केलेली. वही वर्षभर माझ्या कपाटात होती. गोपनीयता, गोपनीयता असं मनाशी म्हणत राहिले. फोन लावला नाही.

काही झालं नसेल, असं म्हणाल. नसेलही. पण ते 'नसेल' ठरवणारी मी कोण? त्या माणसाला मी खोटा दिलासा देऊन घरी पाठवलं. घरी त्यांची बायको होती. तिला कुणीच काही विचारलं नाही. मी तर तिचं नावही विचारलं नव्हतं — तिच्याच बाजूनं चिडले होते ना मी.