स्क्रू नसलेली मशीन

वडील गेले. सरणाला लाकूड नव्हतं, म्हणून घरामागची वाळलेली बाभूळ कापायला केडगावहून पेट्रोलवरची करवत घेऊन मशीनवाला आला. नाव मी विचारलं नाही.

"दिवस मावळायच्या आत उरकायला हवं," मी म्हणालो.

"काळजी नको, दादा. ही नवी मशीन पेट्रोल-हवेचं माप आपलं आपणच धरती. जुनीसारखा फिरवायला स्क्रूच न्हाई हिला!"

तरी दोरी ओढण्याआधी दर वेळी त्याचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे जाई आणि रिकामा परत येई.

मशीन गरजली तशी रडणारी माणसंही बाभळीकडे गेली. ओट्यावर मी आणि वडील उरलो. त्यांना कमी ऐकू यायचं. हा आवाज त्यांनाही पोचला असता.

"ॲव्हरेज किती देती?" सरपंचांनी विचारलं. चुलत्यांनी तर मशीन हातात घेऊन एक फांदी कापून पाहिली. दुसरीला हात घालताच मशीनवाला म्हणाला, "आप्पा, ऊन कललं. आधी मयताचं बघा की!"

लाकूड वेळेत झालं. निघताना मी त्याला स्क्रूड्रायव्हरचं विचारलं.

"मशीन सुधारली, दादा. हाताला कोण सांगणार?"

आता घरात मी एकटाच आहे, आणि अजून मोठ्यानं बोलतो.