भोवऱ्याला सरळ चालवताना

आत्याने सत्तावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. तिच्या बाजूलाही ब्रेक असलेल्या त्या छोट्या गाडीत तिने हजारभर माणसं तयार केली आणि त्यापायी रोजचा संताप गिळला. मग ते ड्रायव्हिंग स्कूल बंद पडलं, आत्या घरी बसली आणि गिळलेलं सगळं आमच्यावर निघायला लागलं. दार कोणी आपटलं? पातेलं ओट्याच्या कडेला का? दाढी करताना नळ चालू का? हा शेवटचा प्रश्न माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला. चौथ्या महिन्यात बाबांनी हात टेकले. हालातून सोडवून आणलेले घोडे सांभाळणारी एक जागा शहराबाहेर होती, तिथे एका रविवारी तिला नेऊन सोडलं.

"त्यांना मदतीला माणसं हवी आहेत. जा, तिथे ओरड."

ती जागा एक डॉक्टरीणबाई चालवायच्या, जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी आत्याच्या हातात दोर दिला. दोराच्या टोकाला तपकिरी, हाडं वर आलेला घोडा होता. "याला तबेल्यातून कुरणात न्यायचं. दोनशे पावलं आहेत."

आत्या निघाली. घोडाही निघाला, पण डावीकडे वळून तिच्याभोवती. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला दोर आत्याच्या कमरेला गुंडाळला गेला.

"अरे, सरळ! समोर बघ ना, समोर!"

दोनशे पावलांना पाऊण तास लागला. आत्या घरी आली ती तणतणतच. "ठार मूर्ख जनावर आहे! परत जाणार नाही मी."

बुधवारी ती बूट घालताना दिसली. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "अर्धवट शिकलेला माणूस मी कधी रस्त्यावर सोडला नाही. घोडा का सोडू?"

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं सांगितलं. घोडा नऊ वर्षं एका फिरत्या करमणुकीच्या मेळ्यात होता. मुलांचा गोल पाळणा ओढायचा, तोही कायम डावीकडे. मधला खांब सतत त्याच्या डाव्या डोळ्यासमोर असायचा. आता खांब नाही, म्हणून दोर धरणाऱ्या माणसालाच तो खांब समजतो. तिथे सगळे त्याला भोवरा म्हणत.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" आत्या कडाडली.

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

आत्याने डोकं लढवलं. तबेल्यापासून कुरणापर्यंत कुंपणाची भिंत जात होती, लांबचा वळसा घालून. तिने भोवऱ्याचा डावा डोळा भिंतीकडे केला आणि स्वतः उजवीकडे राहिली. डावीकडे वळायला जागाच नव्हती, त्यामुळे तो सरळ चालला. पुढच्या आठवड्यात भिंतीपासून हातभर लांब, मग दोन हात. कधी सगळं नीट व्हायचं, कधी एकदम बिनसायचं आणि दोघं पुन्हा गरगर फिरायची. वाटेत तो तिच्या बाहीची बटणं तोडायचा, पायावर पाय द्यायचा, नेमका तिच्या तोंडावर शिंकायचा. रोज जेवताना आम्हाला हेच ऐकावं लागायचं. "आज चाळीस पावलं सरळ आला आणि दगडाला घाबरला. दगडाला! गेल्या जन्मी नक्की माझाच विद्यार्थी असणार."

पाच महिन्यांनी भोवरा मधल्या वाटेने, भिंतीशिवाय, कुरणात गेला. आत्याने ते सांगितलं तेव्हा आवाज मुद्दाम रुक्ष ठेवला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तिला आणायला गेले, तेव्हा वारा सुटला होता. माझ्या डोळ्यांदेखत तबेल्याच्या छपराचा पत्रा उखडून भोवऱ्यामागे आदळला. घोडा उधळला. दोर आत्याच्या हातात होता आणि भोवरा तिच्याभोवती डावीकडे फिरायला लागला, तोंडाला फेस, डोळे पांढरे.

"दोर सोडा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

आत्याने सोडला नाही. ती मधोमध उभी राहून दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली, आणि नेहमीच्याच वैतागलेल्या सुरात बोलत राहिली. "फीर. फीर बाबा. पाच महिने पाण्यात गेले माझे. काय करणार, फीर. मी इथेच आहे." किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. हळूहळू त्याची चाल मंदावली आणि शेवटी तो थांबला. मग त्याने घामेजलेलं डोकं तिच्या छातीवर टेकवलं, चांगलं जोर देऊन. ती मागे कलली, पण हटली नाही.

"शर्ट धुवायला टाकायचाच होता," ती मला म्हणाली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आत्या आठवड्यातून चार दिवस जाते. भोवरा बहुतेकदा सरळ चालतो, वाऱ्याच्या दिवशी एखादी फेरी मारतो. घरी तिच्या तक्रारी अजून तशाच. मागच्या आठवड्यात बाबा न राहवून म्हणाले, "ताई, एवढा वैताग येतो तर सोडून दे ना!"

आत्याने घास तसाच हातात धरला आणि बाबांकडे बघितलं. पुढचे दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.