भिंतीवरचा राहुल

नागेशच्या सुपरवायझरचा फोन आला. "अरे, नागेश गेला रे, डबल शिफ्ट करून चाकणहून येताना गाडीवरनं पडला, जागीच. अन् ऐक, त्याच्या मशीनवर तू येतो का?" एका दमात. मधी श्वाससुद्धा घेतला नाही माणसानं. महिना झाला, अजून त्या माणसाचा फोन मी उचलत नाही...

आम्ही दोघं नांदेडकडचे, काळेवाडीत एका खोलीत राहायचो. शाळेत मास्तर अन् मी एकमेकांना टाळायचो, त्यामुळं खोलीतला हुशार नागेशच. गेल्या वर्षी एक मॅडम आल्या, बाहेरगावच्या तरुण कामगारांचा अभ्यास करायला. आम्हाला गोल करून बसवलं, समोसे दिले. मी तर समोशासाठीच गेलेलो. तीन पोरी माझ्या मागं लागल्यात, अशी थाप मारली. ह्या तोंडाच्या मागं! मॅडमनी तीपण लिहून घेतली.

नागेश मात्र खरं बोलला. "मॅडम, डबल शिफ्ट झाली की गाडी चालवता चालवता मी झोपतो. कंपनीला सांगा की जरा, तुमचं ऐकतील."

"काळजी करू नका दादा, तुमचं बोलणं गुप्त राहील."

"गुप्त कशाला? सांगा म्हणतोय ना!"

मॅडम मान हलवत लिहीत राहिल्या.

परवा त्या अभ्यासाचा कार्यक्रम झाला. मलाही बोलावलं. एसी हॉल. मी येडा दारात चप्पल काढून आत गेलो, सगळे बुटात. भिंतीवर मोठमोठे बोर्ड. एकावर लिहिलेलं, ते शेजारच्यानं वाचून दाखवलं, 'गाडी चालवताना मी झोपतो. राहुल, वय २२.' लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढत होते. एक साहेब म्हणाले, "वा! काय बोललाय पोरगा!"

मॅडमना गाठलं. "हा आमचा नागेश. गेला तो. असाच गेला, झोपेत, गाडीवर. आता तरी खरं नाव टाका."

त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे... पण नाव बदलायचा नियम आहे, दादा. त्यांच्याच सुरक्षेसाठी."

सुरक्षेसाठी! मागं जेवणाची रांग लागलेली. फुकटचं ताट मी आयुष्यात पहिल्यांदा सोडलं.

खोलीत गादी एकच हाय. रात्री माझी, दिवसा त्याची. मी अजून कामावर निघताना चादर झटकून, उशी त्याच्या बाजूला सरकवून जातो. गुरुवारी मला सुट्टी, दिवसा घरीच होतो, तर घरमालक नवीन पोरगा घेऊन आले. दारातनंच म्हणाले, "दिवसा गादी रिकामीच असती की, राव."

म्हणलं, "हळू बोला मालक. नागेश झोपलाय."