हात लावायचा नाही

मास्तर बसमधून उतरायचे नाहीत, अवतरायचे. दार उघडलं की दोन्ही पाय जोडून फुटपाथवर उडी, गुडघे किंचित वाकलेले, हात समोर, आणि मग तसेच क्षणभर स्तब्ध. मागचे उतारू खोळंबलेत याचं त्यांना काही नसे. पाय जागचे हलले नाहीत याची खात्री पटली की सरळ व्हायचे आणि वळून ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणायचे. सत्तरी ओलांडलेला, बुटका, पांढऱ्या मिशांचा गोरा गृहस्थ ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या चढावर हे असलं काही करतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नातीने माझा हात ओढला. "आजी, डोन्ट स्टेअर!" मी कुठे टक लावून बघत होते? मी गुण देत होते. पुण्यात मुलींच्या शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवली आहे मी. उडी चोख होती.

दुसऱ्या दिवशी कळलं की ते आमच्या शेजारचेच. तोवर मला इथे येऊन बरेच महिने झाले होते, पण ऑकलंडमध्ये शेजार म्हणजे लाकडी कुंपण, त्यापलीकडे काय असतं ते देवाला ठाऊक. यजमान गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. मुलगा-सून चांगली आहेत, तक्रारीला जागा नाही. पण सकाळी दोघं दोन गाड्यांतून गेली, नात शाळेत गेली, की घरात फ्रिजची घरघर ऐकू यायला लागते. ती ऐकत बसायचं नाही म्हणून मी मागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर, कवायत सुरू केली. एक दिवस कुंपणावरून आवाज आला, "शोल्डर्स!" मी दचकून खांदे मागे घेतले. मिशा हसल्या. अंगठा वर झाला. कितीतरी वर्षांनी माझं काहीतरी चुकलं असं कोणी तोंडावर सांगितलं होतं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

ते मूळचे स्वित्झर्लंडचे, पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समधले नावाजलेले खेळाडू, आणि इथे येऊन जन्मभर त्याचेच प्रशिक्षक. आडनाव असं, की ते उच्चारायला घसा खाकरावा लागे. मी 'मास्तर' म्हणायला लागले. अर्थ विचारला तेव्हा सांगितला. तेव्हापासून मी त्यांची 'टीचर'. त्यांचं इंग्रजी तोडकं आणि घोगरं, माझं इंग्रजी मराठी शाळेतलं. अर्धं बोलणं हातवाऱ्यांनीच व्हायचं. पण दोन व्यायामशिक्षकांना भाषा लागतेच किती? त्यांचं बोलणं इथे मी बरंचसं मराठीतच सांगते, कारण मला ते तसंच आठवतं.

उन्हाळा सरला की त्यांच्या परसातल्या फिजोआच्या झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडायचा. ती फळं बादलीत भरून ते कुंपणावरून द्यायचे, मी त्यांची चटणी करून बरणी परत करायचे. चटणी तोंडात घालून मास्तर डोळे मिटून घेत. तिखटाने पाणी यायचं, पण कबूल करायचे नाहीत. "कठीण आहे, पण सुंदर," म्हणायचे. कुठल्याही गोष्टीचं मोजमाप ते याच दोन खणांत करत, कठीण किती आणि सुंदर किती. माझ्या सुनेची गाडी मागे घेण्याची पद्धत त्यांच्या मते कठीण होती, सुंदर नव्हती.

एकदा ते छपराची पन्हाळ साफ करायला शिडीवर चढले. शिडी डुगडुगत होती म्हणून मी जाऊन त्यांच्या पोटरीला हात लावला, तर केवढ्यांदा ओरडले! खाली उतरल्यावर स्वतःच ओशाळले आणि समजावून सांगायला लागले. त्यांच्या खेळात सिंगल बारखाली प्रशिक्षकाला उभं राहता येतं. हात वर करून, तयारीत. पण स्पर्धकाला त्याचा हात लागला की गुण कापतात. "जवळ उभं राहायचं, टीचर. हात लावायचा नाही." मग मी शिडीपाशी हात वर करून उभी राहिले आणि ते खुशीत पन्हाळ साफ करत बसले. त्यानंतर हाच आमचा रिवाज झाला. सामानाच्या पिशव्या असोत की कचऱ्याचा डबा चढावरून खाली न्यायचा असो, मी बाजूने चालायचे, मोकळ्या हातांनी. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला असं चालू देणाऱ्या बाईला लोकांनी नावं ठेवली असती.

हा नियम त्यांच्या अंगात इतका का मुरला होता, ते एका पावसाळी दुपारी कळलं. डोंगरातल्या छोट्या गावची व्यायामशाळा, आणि तिथले प्रशिक्षक म्हणजे त्यांचेच वडील. दिवसा सुतारकाम, संध्याकाळी मुलांना शिकवणं. मुलगा वाढत वाढत देशाच्या संघाच्या उंबरठ्याशी पोचला. निवड स्पर्धा, शेवटचा प्रकार सिंगल बार. बार सोडून हवेत गिरकी घ्यायची आणि परत बार पकडायचा. वडील खाली उभे. मुलगा हवेत असताना त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याच्या कमरेला हात लावला. बार पकडला गेला. पण हात लागला होता. गुण कापले गेले आणि निवड हुकली.

"मी पकडणारच होतो," मास्तर म्हणाले. "आय हॅड इट." हे वाक्य ते जपून ठेवलेला दागिना काढावा तसं काढत. त्या स्पर्धेनंतर वडिलांशी ते नीट बोलले नाहीत. जगाच्या ज्या टोकाला कोणी सहज येणार नाही तिथे नोकरी शोधली आणि न्यूझीलंडला आले. इथे लग्न केलं, मुलगी झाली, बायको पुढे आजारपणात गेली. मधे कधीतरी वडील गेल्याची तार आली, तेव्हाही मास्तर तिकडे फिरकले नाहीत. हे सांगताना आवाज अजिबात हलला नाही. फक्त तळहातावरचा जुना घट्टा अंगठ्याने चोळत राहिले. मला त्या सुताराचंच वाईट वाटलं.

मुलगी रेगुला वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला राहते. ती लहानपणी बापाच्याच जिममध्ये वाढली, त्यामुळे ती फोन करायची, विचारायची, पण मदतीला धावून यायची नाही. जवळ उभं राहायचं, हात लावायचा नाही, हे तिलाही पाठ होतं. मग एका सकाळी मास्तर कचऱ्याच्या डब्यापाशी पडले. पायातली संवेदना कमी होत चालली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. रेगुलाने पहिल्यांदाच आवाज चढवला. "घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं," म्हणाली. मास्तर म्हणाले, येऊन स्वतः बघ. माझं मी सगळं करू शकलो, तर इथेच राहणार. नाही करू शकलो, तर येतो.

तेव्हा घर राहतं की जातं हे त्या एका भेटीवर ठरणार होतं. मलाही ते राहायला हवे होते. त्यांच्यासाठी, हे खरं. पण ते गेल्यावर मला परत फ्रिज ऐकत बसावं लागणार होतं, हेही तितकंच खरं.

मास्तरांनी चक्क स्पर्धेतल्या कसरतींचा संच बसवावा तसा दिवस बसवला. पलंगावरून उठणं, चहा करणं, तो ट्रेमधून न सांडता आणणं, वाकून बूट घालणं आणि सगळ्यात शेवटी कपड्यांची टोपली घेऊन डेकच्या पायऱ्या उतरून वाळत घालायच्या तारेपाशी जाणं. आम्ही रोज सराव केला. मी म्हटलं, "मास्तर, पायऱ्या आधी घ्या की. पाय ताजे असतात तोवर उतरून मोकळे व्हा."

ते दुखावल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "टीचर, बारवरून उतरणं शेवटीच असतं. अवघड उतरणं नसेल तर संच कसला?"

"इथे पंच नाहीत हो. मुलगी आहे तुमची."

"तीच तर पंच."

"बरं, कठडा तरी धरा."

"कठडा संचात नाही."

हे आमच्या शाळेतल्या हट्टी मुलींच्या वरताण होतं. जगातल्या कुठल्याही म्हाताऱ्याने सोपं आधी उरकलं असतं, पण यांनी सगळ्यात अवघड गोष्ट दमल्यावर करायला ठेवली.

रेगुला आली. उंच, थकलेली, शांत बाई. इथल्या रीतीने नमस्कार करत मला म्हणाली, "किया ओरा, पापा तुमच्याबद्दल बोलतात." मग ती मागे मागे फिरत राहिली आणि मास्तरांनी एकेक करून दाखवलं. चहाचा थेंब सांडला नाही. बूट घालताना जीभ दाताखाली धरली होती, पण घातले. मला वाटलं, जिंकले. मग ते टोपली घेऊन डेकवर आले. मी ठरल्याप्रमाणे पायऱ्यांच्या एका बाजूला जाऊन उभी राहिले. हात चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून मी ते पाठीमागे एकमेकांत अडकवले होते. रेगुला दुसऱ्या बाजूला होती.

वरच्या पायऱ्या ते नीट उतरले. शेवटच्या पायरीवर मात्र नेहमीच्या सवयीने त्यांनी दोन्ही पाय जोडले. डावा पाय कुठे टेकला हे त्या पायालाच कळलं नाही. मास्तर झुकले. टोपली सुटली. माझे हात मागे तसेच घट्ट, आणि तेवढ्यात रेगुलाने पुढे होऊन त्यांना दोन्ही हातांनी कमरेत धरलं.

गवतावर ओले कपडे पसरले होते. रेगुलाचा चेहरा पांढरा पडला होता. तिने धरलेलं सोडलं नव्हतं, आणि रडत रडत ती त्यांच्या भाषेत पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती. माफी मागत होती हे मला न सांगता कळलं. आता ते शिडीवरून ओरडले तसे ओरडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

ते ओरडले नाहीत. तिचा हात धरूनच हळूहळू पायरीवर बसले. मग मला कळावं म्हणून बहुधा, इंग्रजीत म्हणाले, "धिस वन, आय डिड नॉट हॅव." म्हणजे, या वेळी त्यांना स्वतःला सावरता आलं नसतं. रेगुला नाक पुसत होती. तिच्याकडे न बघता ते आणखी म्हणाले, "कदाचित तेव्हा बारवरही नसतं जमलं."

ती काय समजायचं ते समजली असावी, कारण ती त्यांच्या खांद्याला डोकं टेकून बसली. मी गवतावरचे कपडे उचलले, झटकले आणि तारेवर वाळत घातले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या दोघांकडे पाठ करायला मला काहीतरी काम हवं होतं. त्या सुताराने वर बघत हात पुढे केला, तो क्षण मला पहिल्यांदा त्याच्या जागेवरून दिसत होता. मास्तरांनाही तो तसाच दिसत असणार, आणि ते सांगायला वडील उरले नव्हते.

वसंत लागायच्या आत घर विकलं गेलं. निघायच्या दिवशी मास्तर कुंपणापाशी आले आणि रिकामी बरणी माझ्या हातात दिली. चटणी घालून द्यायला वेळ नव्हता. "टीचर, शोल्डर्स," एवढंच म्हणाले. गाडीत बसल्यावर रेगुलाने त्यांचा पट्टा लावला, तो त्यांनी लावू दिला. गाडी चढावरून खाली गेली आणि मी घरात येऊन कुकर लावला.

सुरुवातीला दर रविवारी फोन व्हायचा. पण समोर माणूस नसताना त्यांचं घोगरं इंग्रजी मला कळेना आणि माझं त्यांना. "गुड?" "गुड. यू गुड?" "व्हेरी गुड." हातवारे करून दाखवायचे तरी कोणाला? मुलगा म्हणाला, व्हिडिओ कॉल कर. तो केला, तर त्यात मास्तरांचं नुसतं कपाळ दिसायचं. हळूहळू आमच्यातलं ते 'गुड' पण विरळ होत गेलं. शेजारच्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलं आहे. भली माणसं आहेत, पण दिवसभर तीही घरात नसतात. फिजोआ पडतात आणि कुजतात.

मागच्या महिन्यात भरदुपारी रेगुलाचा फोन आला. मास्तर गेले. फार त्रास झाला नाही म्हणाली. शेवटचे काही तास त्यांचा हात तिच्या हातात होता. "ही डिडन्ट टेक इट अवे," ती म्हणाली, आणि थोडं थांबून तेच पुन्हा म्हणाली. मला एवढं स्वच्छ इंग्रजी फोनवर कधीच ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी घरात सांगितलं. "अरेरे," मुलगा म्हणाला, "ते शेजारचे ना? फारसं बोलायचे नाहीत कोणाशी." मी म्हटलं, "नाही, बोलायचे," आणि पुढे काय काय बोलायचे ते सांगायला तोंड उघडलं, तर माझ्या लक्षात आलं की ते सगळं कळेल असं माणूस आता कोणीच उरलेलं नाही. मी ताटातला भात कालवत राहिले.