कदंबांना लागलेली वाळवी

पाचवीच्या वर्गावर भागाकार शिकवत होते. शाळेचा शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, आणि मी खडू खाली ठेवला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, महिनाभर अंथरुणाला खिळून होते. श्वास घेताना त्यांची छाती भात्यासारखी वाजायची आणि ते ऐकत आम्ही नवराबायको उशाशी बसून असायचो. खोटं कशाला सांगू, बातमी कळल्यावर आधी वाटली ती सुटका. ते सुटले, आम्हीही सुटलो... आणि मग घरापर्यंतच्या वाटेवर मला माझीच लाज वाटत राहिली. आता दीड महिना झाला. ती लाज ओसरली आहे. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती, आणि ती सांगायची मोकळीक मला त्यांच्या जाण्यानेच मिळाली.

आमचं मूळ घर चामटोलीचं, शेतकऱ्याचं. मामंजींची उभी हयात जंगल खात्यात गार्ड म्हणून गेली. फाळणीनंतर महायुद्धाच्या वेळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले, पुनर्वसन कचेरीत माझ्या नवऱ्याला कारकुनी मिळाली आणि आम्हीही उल्हासनगरच्या एका बराकीत बिऱ्हाड थाटलं. मामंजी आले ते पहिल्याच संध्याकाळी कमरेवर हात ठेवून समोरचं मैदान बघत राहिले. "काय गो ही जागा! कावळ्याला बसायला फांदी नाय." तसं त्या मैदानात दर पावसाळ्यात सरकारी वृक्षारोपण व्हायचं. साहेब यायचे, हारतुरे व्हायचे, फोटो निघायचा आणि दिवाळीपर्यंत रोपांच्या काटक्या कुणाच्या तरी चुलीत जायच्या. दोन वर्षं हा सोहळा पाहिल्यावर तिसऱ्या वर्षी मामंजींनी स्वतःच रॉकेलच्या डब्यांत कदंबाची रोपं वाढवली. प्रत्येक घराला एक रोप दिलं आणि नियम घातला, की नळाला पाणी आलं की पहिला तांब्या झाडाला, मग घरात. नळ यायचा दोन तास. बायका कुरकुरायच्या, मीही कुरकुरायचे. पण मामंजी नळाशी खुर्ची टाकून बसत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तांब्या चुकवायची कोणाची छाती नव्हती.

समोरच्या बराकीत दादी राहायची. सिंधी लोक वडीलधाऱ्या बाईला दादी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. सिंधमधलं भरलं घर सोडून आलेली ही बाई चार जणींना हाताशी धरून उडदाचे पापड लाटायची आणि त्यावर पाच माणसांचं पोट चालवायची. तिच्या बराकीतल्या पाच घरांचे पाच कदंब ओळीने तिच्याच दारापुढे होते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते माझ्या खांद्याला लागले. मामंजी येता-जाता त्यांची पानं उलटून बघत, आजारी मुलाची जीभ बघावी तशी.

त्या वैशाखात ते पुतणीच्या लग्नाला चामटोलीला गेले ते तीन आठवडे तिकडेच राहिले. इकडे नळ दोन तासांवरून एक तासावर आला. बायका माझ्याकडे आल्या, कारण मी मास्तरीण आणि मामंजींची सून. मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, चांगलं पाणी घरात न्या, धुण्याभांड्याचं पाणी झाडाला घाला. सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. पंधरा दिवसांत दादीच्या दारचे पाचही कदंब कडेने करपायला लागले. पानं तांबूस पडून गळाली. एका सकाळी मी पाहिलं, दादी पापडांची परात धुऊन ते पाणी झाडाच्या आळ्यात ओतत होती, आणि आळ्यातल्या मातीवर पांढरा थर साचला होता. पापडखार आणि मीठ... आणि असलं पाणी झाडाला घाला म्हणणारी मीच. दादीला नुसतं सांगितलं, की आता तिकडे पाणी घालू नका.

कुजबुज सुरू झालीच होती. आमच्या बराकीतले एक गृहस्थ नळावर मोठ्याने म्हणाले, "पापड वाळवायला ऊन पायजे ना त्यांना! सावली नको, म्हणून झाडं मारली." दोन दिवसांत हे सगळ्यांच्या तोंडी झालं. मराठी बायका दादीच्या घागरीला रांगेत पुढे सरकू देईनात. एकीने तर तिची घागर पायाने लोटली. दादीने ती उचलली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मास्तरीण म्हणून मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी, माझं एक वाक्य बोलायला मला जीभ सापडेना.

मामंजी परतले ते पिशवी खांद्यावर असतानाच थेट त्या झाडांपाशी गेले. भोवती माणसं जमली. त्यांनी आळ्यातली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली, थुंकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाळवी हाय. मुळाला वाळवी लागली." त्यावर उपायही त्यांनीच सांगितला. आळ्यातली माती हातभर खोल काढून टाकायची, वालधुनी नदीच्या काठची माती भरायची आणि आठ दिवस दर घराने एक घागर चांगलं पाणी ओतायचं. घागर पायाने लोटणारीलाही ओतावं लागलं. जंगलात जन्म घालवलेल्या माणसाला वाळवीतलं कोण शिकवणार?

आठव्या दिवशी माझ्याने राहवेना. ते ओसरीत फावडं धूत होते. मी म्हटलं, "मामंजी, ती वाळवी नव्हे. मीच सांगितलं होतं..."

"ठावं हाय," ते म्हणाले. "माती मिठागरासारखी लागली जिभेला."

"मग वाळवी का म्हणालात?"

"वाळवी ना आपली, ना त्यांची. तुझं नाव घेतलं असतं तर पोरी, उद्या नळावर तुझी घागर लोटली असती. दादीचं घेतलं असतं तर तिला बराक सोडावी लागली असती." मग फावडं भिंतीला टेकवून म्हणाले, "मी हाय तवर कुणापाशी बोलायचं नाय."

आषाढात पाचांपैकी चार कदंब फुटले. पाचवा गेला, तिथे त्यांनी नवा लावला. त्या दिवसापासून सात वर्षं मी गप्प राहिले. झाडं मोठी झाली, त्यांच्याखाली दुपारी बायका पापड लाटायला बसू लागल्या. मला बोलवायच्या, पण मी काम आहे म्हणून निघून जायचे. ती सावली माझ्या हक्काची नाही असं वाटायचं.

या जुलैत नवी रोपं लावायच्या दिवशी सगळ्यांनी मला मामंजींबद्दल बोलायला उभं केलं. आधी बोललेल्या दोघांनी त्यांनी वाळवी कशी हटवली ते रंगवून सांगितलं होतं. मी म्हटलं, "वाळवी नव्हतीच. खारं पाणी होतं, आणि ते घालायला मी सांगितलं होतं. दादीवर आळ आला आणि मी गप्प बसले." घागर लोटणाऱ्या बाईने मान खाली घातली.

तेवढ्यात मागून दादी उठली. आता तिला काठीशिवाय चालवत नाही. ती माझ्यासमोर आली आणि माझं मनगट धरून म्हणाली, "अरे बेटा, तू तो भांड्याचं पाणी बोली होती. मैंने पूरा खार का पाणी डाला, हंडा भरून! फेकायचं कशाला, म्हणून. बाबा आए, उसी रात मैं रोते रोते उनको बोली."

"मामंजी काय म्हणाले?"

"बोले, मेरे जीते जी किसीको नहीं बोलना. मास्तरणीला तर बिलकुल नाय, ती पोर मनाला लावून घेईल."

म्हणजे आम्ही दोघी सात वर्षं एकमेकींच्या समोर राहून, एकमेकींना चुकवत, एकच ओझं वेगवेगळं वाहत होतो, आणि मामंजी दोन्हीकडून आम्हाला सांभाळत होते. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. दादीलाही आलं. घरात माणूस जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि मी भर मैदानात डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. दादीने मला ओढतच तिच्या दारातल्या कदंबाखाली नेलं आणि मी पहिल्यांदा त्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसले.