इलाही पिंजाऱ्याचा सोपा

"सोपा त्याला, आन् मला काय, परसातली मोरी?"

भिंतीपलीकडून कृष्णातचा हा आवाज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. आमची आणि हंबीररावआण्णांची भिंत एकच. शिवाजी पेठेत भिंत एक असली की शेजारचं भांडण निम्मं आपलंच असतं, मुद्दाम कान द्यावा लागत नाही. आण्णांनी मृत्युपत्र केलं होतं आणि त्यावरून बापलेकांची जुंपली होती. आतलं घर आणि माडी कृष्णातला, रस्त्याकडचा सोपा मात्र पिराचा. त्या सोप्याचा म्हणे ट्रस्ट केला होता. ट्रस्ट म्हणजे काय, ते मला त्या भांडणातच कळलं.

"कुणाच्याच मालकीचा न्हाय त्यो," आण्णा म्हणाले. "तू आन् इलाहीनं मिळून सांभाळायचा. इलाही हाय तवर तितंच ऱ्हाईल."

"घर आपलं हाय का पिंजाऱ्याचं?"

"मी बांधलंय. वाडवडलांचं असतं तर तुला इचारलं असतं."

इलाहीभाई त्या वेळी सोप्यातच होता. गादीचा कापूस पिंजत होता. भांडण सुरू झालं तशी त्याच्या कमानीची तारही जोरात वाजायला लागली. आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवायची त्याची ती रीत.

आण्णांच्या सोप्यात मोहरमला पिराचे पंजे बसायचे. मान मराठ्याच्या घरचा, सेवा इलाहीभाईची. त्याची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, लेकरूही राहिलं नाही, तेव्हा आण्णांनी त्याला सोप्यात आणून ठेवलं. दर गुरुवारी तो पिराला दिवा लावायचा, ऊद घालायचा, मलिदा करायचा आणि पहिला वाटा मधल्या दारानं घरात द्यायचा. तो घरमालकाचा मान. त्याच दारानं सकाळ-संध्याकाळ हाक यायची, "इलाही, च्या." ताबूत बघायला कृष्णात लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून जायचा. मामा म्हणायचा त्याला.

वकिलानं आण्णांना बजावलं होतं, कागद कचेरीत नोंदवा, नाहीतर जपून ठेवा. आण्णांना कचेरीची पायरी नको होती. जपायचंच तर पिराच्या पेटीपेक्षा मोठी तिजोरी कुठली, असा त्यांचा हिशेब. मोहरमचे पंजे पेटीत परत ठेवताना हिरव्या कापडाखाली त्यांनी तो कागदही ठेवला आणि किल्ली इलाहीभाईच्या कमरेला. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. ती पेटी मोहरमशिवाय उघडत नाहीत.

आणि आण्णा गेले ते मोहरम सरल्यावर पंधरवड्यात. बांगलादेशची लढाई झाली, त्याच वर्षी.

दिवसकार्य उरकताच कृष्णातनं सगळ्या घराला गिऱ्हाईक आणलं. बिद्रीच्या साखर कारखान्याकडचे पावणं होते, सोप्यात त्यांना मोटारी दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. कृष्णातनं इलाहीभाईला सोपा सोडायला सांगितलं. कागद म्हणे नव्हताच, असता तर दाखवला नसता का? चौकातही तो हेच सांगत फिरला.

मी इलाहीभाईला म्हटलं, किल्ली तुझ्याजवळ, कागद तुझ्याच भल्याचा, पेटी उघड आणि त्याच्या तोंडावर धर. आण्णांच्या वकिलानंही तेच सांगितलं होतं.

"आक्का, पेटी मोहरमची हाय," तो म्हणाला. "माझ्या डोक्यावर छप्पर ऱ्हावं म्हणून उघडू व्हय?"

मी मनात म्हटलं, हा माणूस रस्त्यावर जाणार, तोही पेटी डोक्यावर घेऊन. पण गंमत अशी की ती पेटी हलवायची हिंमत कृष्णातलाही होईना आणि पावण्यांनाही होईना. पावणं म्हणाले, पिराचं मिटवा, मग बघू. सौदा वर्षभर तसाच लोंबकळला. त्या वर्षात मधल्या दारातून चहाची हाक आली नाही. मलिदा मात्र जात राहिला. कृष्णातची बायको बाळाबाई मुकाट्यानं ताटली आत घ्यायची.

मोहरम आला. चार माणसांदेखत पेटी उघडली. कागद जसाच्या तसा होता, नुसता उदाचा वास लागलेला. वकिलानं वाचून दाखवला. पावणं आल्या वाटेनं गेले. चारच दिवसांत कृष्णातनं गवंडी आणून मधलं दार विटांनी बुजवलं.

सोपा राहिला इलाहीभाईला, घर तेवढं गेलं. चौकटीचं लाकूड भिंतीत तसंच दिसायचं. हॉटेलातला चहा आणून तो त्या चौकटीसमोर बसून प्यायचा. मी कधी कालवण पाठवायची, तो खाऊन वाटी धुऊन द्यायचा, पण शेजारणीचं कालवण म्हणजे काही घरातली हाक नव्हे.

पुढं कापूस पिंजायची यंत्रं आली, कमान खुंटीला लागली. ट्रस्टच्या कागदावर कृष्णातची सही अजून व्हायचीच होती. वकील म्हणाला, आता तुमचं वय झालं, त्याच्या जागी दुसरा कुणी घाला, नाहीतर तुमच्यामागं दिवा कोण लावणार?

"जागा त्याची हाय," इलाहीभाईनं सांगितलं. "ती मी दुसऱ्याला कशी देऊ? यील की त्यो."

इलाहीभाई गेला त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. डोळ्यांना फार दिसत नव्हतं, तरी तेल स्वतःच आणलं. दिवा लावला, ऊद घातला, चपात्या कुस्करून गूळतूप घातलं. ताटलीवर धुतलेलं फडकं टाकून तो बोळानं कृष्णातच्या मागच्या दाराकडं निघाला. मी दारात तांदूळ निवडत होते. म्हटलं, दे इकडं, मी देऊन येते.

"मान हाय आक्का त्यो," तो म्हणाला. "ज्यानं त्यानंच न्हेऊन द्याचा असतोय. गूळ तेवढा आज जरा जास्त पडलाय बघ."

मागच्या उंबऱ्यावर गेल्या गुरुवारची ताटली घासून पालथी घातलेली होती. ती त्यानं काखेत धरली, भरलेली खाली ठेवली, कडी वाजवली आणि भिंतीला हात लावत परत आला.