पुनवेपर्यंत थांबलेली द्राक्षं

आत्या सागवानी पिंपाला कान लावून उभी राहिली की घरात कोणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. आत ठेचलेली काळी द्राक्षं सालींसकट आंबत असायची. त्यांची बारीक चरचर ती ऐकायची. "बोलतोय अजून," म्हणायची आणि पिंपाच्या तोंडावर फडकं बांधायची. आवाज थांबला की रस गाळायचा. चव तिने कधी घेतली नाही.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. भूगावच्या पुढे, पौडच्या रस्त्याला, उतारावर त्यांची द्राक्षबाग होती. आतोबा गेल्यावर ती आणि तिचा मुलगा अंतोन असे दोघंच ती राखत. दारूबंदीचा काळ होता. चर्चच्या पूजेपुरता द्राक्षारस करायला सरकारची परवानगी होती, आणि त्यांचा सगळा रस पुण्यातल्या एका चर्चमध्ये जाई. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ती द्राक्षं बियांची आणि आंबट, मंडईत त्यांना कोणी विचारत नसे.

बागेची रीत आतोबांना एका जर्मन पाद्रीबाबांनी शिकवली होती. गाईच्या शिंगात शेण भरून ते पावसाळा संपताना पुरायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी उकरायचं, आणि ते शेण पाण्यात घोळून वेलींच्या बुडाशी शिंपडायचं. विकतचं खत नाही, फवारा नाही. मुळशीतल्या माले गावचा एक सोयरा दर वर्षी बांधावर उभा राहून विचारायचा, "काय वयनी, शिंगं पेरलीत, बैल कदी उगवायचं?"

"उगवला की पयला तुमच्याच दारात बांदते," आत्या म्हणायची. "तुमाला सोबत हुईल."

छाटणी आणि तोडणी चंद्र पाहून. भिंतीवर क्रूस आणि त्याच्याच खाली खिळ्याला पंचांग. नवे पाद्रीबाबा एकदा घरी आले आणि त्यांनी पंचांगावरून हटकलं. आत्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "बाबा, चंद्र देवानंच केलाय. पंचांगवाल्यांनी नुसतं त्याचं येणंजाणं लिवलंय." पाद्रीबाबांनी चहा घेतला.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील छापखान्यात होते. संपाची, दारूबंदीची, भाववाढीची पत्रकं आमच्या घरात दोरीवर वाळत. कॉलेजात गेल्यावर मी आत्यालाच धारेवर धरलं. त्या काळी पूजेत द्राक्षारस फक्त पाद्री पीत, बाकीच्यांना नुसती भाकर. "राबायचं तुम्ही आणि प्यायचं त्यांनी, हा कुठला न्याय?" मी विचारलं.

ती वेलीची वाळकी साल सोलत होती. "पिऊ दे की. हिरीचं पानी हिरीला प्यायला मिळतं व्हय?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी ते बराच वेळ दिलं. ती साल सोलत राहिली.

त्या साली घड लवकर पिकले. पुनव मात्र व्हायची होती. चढत्या चंद्रात तोडलेल्या द्राक्षाचा रस उतू जातो, टिकत नाही, असा आतोबांचा नेम होता. मी तेव्हा तिथेच होते. अंतोन बांधावरून आला. "आई, ताम्हिणीकडं आभाळ भरलंय. आज तोडू."

"पुनव झाल्याबिगर कात्री न्हाई."

"पाऊस पुनव इचारून येतो का?"

"तुझा बाप थांबायचा."

"बाप गेला, आई."

आत्याने कात्र्या पाटीखाली झाकून ठेवल्या. अंतोनने त्या उचलल्या असत्या तर तिने अडवलं नसतं, असं मला अजून वाटतं. त्याने उचलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या. सकाळपर्यंत मणी उकलले होते आणि बागेत चिलटं घोंगावत होती. आम्ही तिघं ओळींतून चालत गेलो. कोणी रडलं नाही. अंतोनने फुटका घड उचलला, पाहिला, खाली ठेवला. घरी येऊन आम्ही भाकरी खाल्ली.

चर्चने त्या वर्षापुरती दुसरीकडून सोय केली आणि मग तीच कायम ठेवली. अंतोन चिंचवडला कारखान्यात लागला. एकटीने बाग होईना, तेव्हा आत्याने त्याला बोलावून सांगितलं, "मुळासकट काड. आर्धं ठिवलंस तर फुटंल." पहिल्या वेलीला कुदळ तिनेच घातली. तिथे आता भात होतो.

मला यावर लिहायचं होतं. पण पत्रकाला शत्रू लागतो. सरकार, चर्च, पाऊस, पंचांग, सगळे लिहून पाहिले. एकही नाव मथळ्याखाली टिकलं नाही.

चिंचवडला अंतोनच्या चाळीत तिची माझी शेवटची भेट झाली. ती उंबऱ्यात बसली होती, मांडीवर रिकामे हात. मी विचारलं, "आत्या, त्या दिवशी तोडायला हवी होती का?"

"तोडली आसती तर अंतोन बागंत ऱ्हायला आसता," ती म्हणाली. आणि पुढे, "रस मातुर बिगडला आसता."

तेवढ्यात अंतोन कारखान्याच्या पाळीवरून आला. चुलीजवळ झाकलेली दोन ताटं त्याने पाहिली. "तू जेवून का घेत न्हाईस गं आई?"

"थांबले हुते," ती म्हणाली आणि उठली.